झारेकरीण

अप्पांच्या दुकानाशी दर अमावास्येला
एक बाई यायची. पाटी, कुंचा, पितळेचा टोप.
शेगडीची राख, फरशीच्या फटी, पायपुसण्याची धूळ,
सगळं झाडून न्यायची, आणि वर पैसे द्यायची.
केर विकत घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.
खाडीवर बसून ती तो केर धुवायची
उन्हं कलेपर्यंत,
आणि टोपाच्या बुडाशी उरायचं ते
नखावर मावेल एवढं.

शिरगावात, मत्स्य महाविद्यालयाच्या मागच्या खोलीत
आता माझंही तेच चाललंय.

सोनं आहे, पण पिवळं नाही.
इतकं बारीक झालं की रंगच सोडला त्यानं.
कुपी उजेडात धरली तर वाटतं
कोणी आगळ पातळ करून ठेवलंय.
अप्पांनी काचेवर टिचकी मारली.
"कसाला लावलंस?"
कसोटीवर एक थेंब टाकला. ओला डाग. वाळला.
रेघ नाही.
"किती गुंजा?"
काट्यावर बसत नाही, अप्पा.
"मग हे सोनं नव्हे. सोन्याची अफवा."

ती अफवा मी तांदळाएवढ्या चिपवर पसरते,
सोळा टोकांवर, केसाहून बारीक.
गुळगुळीत धातूला पेशी बिलगत नाही,
खरखरीत असला तर टेकते,
कालव जसं कातळाला.

पहाटे मिरकरवाड्याहून बशीर होडेकर येतो,
स्कूटरच्या पायाशी बालदी,
बालदीत एक जितं म्हाकूळ.
त्याच्या अंगातली सगळ्यात मोठी नस शेवईएवढी.
ती सोडवायची, खाऱ्या पाण्यात चिपवर आडवी ठेवायची
आणि वाट बघायची.

तीन आठवडे पडद्यावर काय दिसलं?
महावितरण.
भिंतीतल्या तारांतून सेकंदाला पन्नास हेलकावे,
वर शेजारच्या बर्फाच्या कारखान्याची घरघर.
तांब्याची जाळी गुंडाळली, मोबाइल बाहेर ठेवले,
पंखा बंद करून घामात बसलो.
केरच केर. कण नाही.

मग बुधवारी, साडेअकराला, कुवारबावकडे कुठेशी तार तुटली.
दिवे गेले. कारखाना थांबला.
एवढी शांतता की बालदीतला बुडबुडा ऐकू आला.
माझी यंत्रं बॅटरीवर होती.
पडद्यावरची रेघ सपाट झाली,
सारवलेल्या अंगणासारखी,
आणि तिच्यावर

एक टोचा.

मग काही नाही.
मग दुसरा.
पापणी लवते तेवढ्यात असे शंभर मावले असते
इतका लहान.

बशीर वाकून बघत होता.
"काय म्हनतंय?"
म्हणतंय, अजून आहे.
त्याला नवल वाटलं नाही.
"अंगावरचे ठिपके बी तसेच की.
बर्फात टाकलं तरी घटकाभर मिटत-उघडत र्‍हातात.
आमी रोज बघतो.
कुनी इचारलं नाय."
आणि उरलेलं म्हाकूळ नेऊ का, म्हणाला, कालवणाला.

बारा दहाला वीज आली, सगळं पुन्हा बुडालं.
माझ्याकडे चाळीस मिनिटं होती.
ती मी अजून धुते आहे.

रविवारी अप्पांना घेऊन गेले.
फुंकणी ठेवून त्यांना दोन वर्षं झाली,
हात थरथरतो, डाक बसत नाही नीट.
रिकाम्या चिपवर नुसतं खारं पाणी होतं.
जाळी उघडी होती. ते वाकले, बोट जवळ नेलं,
टेकवलंही नाही,
तर पडद्यावर रेघ कापायला लागली.
हूबेहूब.

त्यांनी हात मागे घेतला. रेघ थांबली.
मी म्हणाले, तसं होतं, जाळी लावायची राहिली.
ते काही बोलले नाहीत.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
पुन्हा लावला
आणि हात पुढे केला,
वजन करताना करायचे तसा, सावकाश.